मंडळातला एक मुलगा गेला, दुसऱ्याला कसं धरून ठेवू?

मध्य मुंबईतल्या एका गणेशोत्सव मंडळाच्या अध्यक्षांचं पत्र आलं आहे. वय ३४. त्यांच्या मंडळातल्या वीस वर्षांच्या एका कार्यकर्त्याने आषाढात आत्महत्या केली. तो बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होता, दोन विषयांत एटीकेटी होती, संध्याकाळपासून रात्री उशिरापर्यंत बाईकवर डिलिव्हरी करायचा. चाळ रिडेव्हलपमेंटला गेल्यापासून घर ट्रान्झिट कॅम्पमध्ये. वडिलांची नोकरी सुटलेली. मोबाइलवरच्या लोन अ‍ॅपचं कर्ज होतं, वसुलीवाल्यांचे फोन यायचे. शेजारच्या वाडीतल्या एका मुलीशी असलेलं नातं तुटलं होतं. आता मंडळात दोन तट पडलेत. काही जण म्हणतात पोरीमुळे गेला, काही म्हणतात कर्जामुळे. आई म्हणते, मी त्या दिवशी नको ते बोलले. यंदा त्याच्यावर जिवंत देखावा करायचा असा मुलांचा आग्रह आहे. पण अध्यक्षांची झोप उडाली आहे ती वेगळ्याच कारणाने. मंडळातल्याच सतरा वर्षांच्या, बारावीतल्या एका मुलाने (सगळे त्याला ‘बारक्या’ म्हणतात) मांडवाचं सामान उतरवताना त्यांना सांगितलं, “दादा, कधीकधी मलापण वाटतं, नकोच हे सगळं.” आणि लगेच बाप्पाची शपथ घातली, घरी सांगायचं नाही. त्याचे वडील तापट आहेत, हात उचलतात. ‘शपथ मोडू का? त्याला विचारलं तर उलट मीच त्याच्या डोक्यात ते घालेन का? देखावा करावा का? आणि तो गेला त्या दिवशी मला त्याचा मिस्ड कॉल होता, मी वर्गणीच्या मीटिंगमध्ये होतो,’ असं ते लिहितात.

मंडळात सगळे तुम्हाला दादा म्हणतात, म्हणून मीही दादाच म्हणते. तुमच्या पत्रात चार प्रश्न आहेत, पण आजचा एकच आहे, बारक्याचा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. आज रात्री पोरं पांगली की त्याला बाजूला घ्या.

चहाच्या टपरीवर नको, तिथे दर दोन मिनिटांनी कोणीतरी “काय दादा” करत येतं. मांडवामागे, गच्चीच्या जिन्यात, जिथे कोणी टोकणार नाही अशा जागी त्याच्या शेजारी बसा. समोरासमोर बसलं की या वयाची मुलं आक्रसतात. मग सरळ विचारा. “बारक्या, तू त्या दिवशी बोललास ते माझ्या डोक्यातून जात नाहीये. तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?” याच शब्दांत. “तू असलं काही वेडंवाकडं करणार नाहीस ना?” असं विचाराल, तर तो “नाय ओ दादा” म्हणून मोकळा होईल आणि तुम्हाला फसवं समाधान मिळेल.

विचारल्याने विचार डोक्यात शिरतो, ही भीती तुमच्या एकट्याची नाही. पालक, शिक्षक, कधीकधी डॉक्टरही त्यामुळे गप्प राहतात. पण हे तपासून पाहिलेलं आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना आत्महत्येबद्दल थेट प्रश्न विचारले, काहींना विचारले नाहीत. ज्यांना विचारलं त्यांची बेचैनी वाढली नाही. जी आधीच खचलेली होती, त्यांना तर विचारल्यावर थोडं बरंच वाटलं. विचार त्याच्या डोक्यात आहेत की नाही, हे त्याने तुम्हाला अर्धं सांगून टाकलंय, दादा. उरलेलं अर्धं ऐकायला कोणी आहे का, हे तो बघतोय.

तो “हो” म्हणाला तर दचकू नका आणि समजावू नका. “आईबापाचा विचार कर”, “लोकांनी किती वाईट दिवस काढलेत बघ”, “बाप्पा बघून घेईल” ही सगळी वाक्यं प्रेमातूनच येतात आणि सगळी समोरच्याचं तोंड बंद करतात. “बरं झालं सांगितलंस. किती दिवस चाललंय?” एवढं म्हणा आणि थांबा. मग विचारा, कसं करायचं ते ठरवलंयस का, त्यासाठी जवळ काही ठेवलंयस का, कधी करायचं असं मनात आहे का, याआधी कधी प्रयत्न केला होतास का. यातल्या कशालाही “हो” आलं, तर त्याला क्षणभरही एकटं सोडायचं नाही. केईएम, सायन, नायर, कूपर, जे महापालिका रुग्णालय जवळ असेल त्याच्या कॅज्युअल्टीत त्याच रात्री न्यायचं. गाडी मिळत नसेल तर १०८ ला फोन करा. सगळ्याला “नाही” आलं, पण विचार येतात असं तो म्हणाला, तर सकाळी याच रुग्णालयांच्या मानसोपचार ओपीडीत केस पेपर काढायचा. टेलिमानस ही केंद्र सरकारची हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. बारक्याशी बोलायच्या आधी तुम्ही स्वतः तिथे फोन करून “आमच्या मंडळातला मुलगा असं म्हणतोय, मी कसं बोलू?” असं विचारू शकता. त्यासाठीसुद्धा ती आहे. अठराच्या आतल्या मुलांसाठी १०९८ आहेच.

आता शपथ. बाप्पाची शपथ तुमच्यासाठी काय आहे ते मला कळतं, म्हणून “मोडून टाका” असं मी सांगणार नाही. लहानपणी आपण एकमेकांना शपथ घालायचो आणि मग “सुटली म्हण” म्हणून सोडवूनही घ्यायचो. बारक्याकडून तसंच सोडवून घ्या. त्याला सांगा, “मी तुझ्या पाठीमागे काही करणार नाही. पण हे माझ्या एकट्याच्या अंगावर पेलणारं नाही आणि तुझ्याही नाही. आपण कोणाला सांगायचं ते तू ठरव, मी तुझ्याबरोबर येतो.” सांगायचं की नाही यावर घासाघीस नको. कोणाला, कधी, कोणत्या शब्दांत, हे त्याच्या हातात द्या. बहुतेक मुलं इथे नाव घेतात. आई, मावशी, कॉलेजमधल्या एखाद्या मॅडम. आणि त्याने कोणाचंच नाव घेतलं नाही, सुटलीही म्हटलं नाही, तर? तरी सांगायचं. त्याला आधी कल्पना देऊन सांगायचं. तो चिडेल, महिनाभर बोलणार नाही कदाचित. चालेल.

वडिलांपासून सुरुवात करू नका, हे तुमचं तुम्हालाही पत्र लिहिताना जाणवलेलं दिसतं. ज्या घरात हात उठतो तिथे ही बातमी आधी रागाच्या वाटेने जाते. आईला किंवा मावशीला आधी भेटा, बारक्याला बरोबर घेऊन. पण वडिलांना कायमचं वगळता येणार नाही. तो अठराच्या आत आहे, उपचारांना पालकांची संमती लागेल. वडिलांशी बोलायला, ज्याच्या शब्दाचा ते मान ठेवतात असा कोणी वडीलधारा बरोबर न्या आणि दोनच गोष्टी मागा. या काळात त्याच्यावर हात उगारायचा नाही, आणि घरातली औषधं किंवा धोका होईल असं काहीही कुलपात ठेवायचं. यातली दुसरी मागणी लोकांना किरकोळ वाटते. “ज्याला करायचंच आहे तो कसंही करेल” असं म्हणतात, आणि हे धडधडीत चूक आहे. जिवावर उठलेली ती लाट बहुतेकांच्या बाबतीत काही मिनिटांची, काही तासांची असते. तेवढ्या वेळात हाताशी साधन नसेल तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्या दहांपैकी साधारण नऊ जण पुढे कधी आत्महत्येने मरत नाहीत. श्रीलंकेने सर्वांत घातक कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर तिथला आत्महत्यांचा दर सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरला. तिथल्या लोकांचे प्रश्न त्याच वेगाने सुटलेले नव्हते.

कुटुंबं रुग्णालयात जायला आणखी एका गोष्टीला घाबरतात, पोलिसांना. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायला सांगितलं आहे आणि त्याच्यावरचा खटला थांबवला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलमच नाही. तेव्हा “नाव खराब होईल, केस होईल” म्हणून कोणी घरीच ठेवत असेल, तर हे त्याला सांगा.

आता ज्या प्रश्नावर तुमचं मंडळ दुभंगलंय तिकडे येते. कोणामुळे गेला?

पत्रात तुम्ही त्या मुलाबद्दल एवढं लिहिलंय की उत्तर तुमच्याच हातात आहे. एटीकेटी. वडिलांची सुटलेली नोकरी. रात्री एकपर्यंत बाईक आणि सकाळी सातचं लेक्चर, म्हणजे झोप चार-पाच तासांची. लोन अ‍ॅप. तुटलेलं नातं. पूर्वी चाळीच्या गॅलरीत रात्री बारालाही कोणीतरी जागं असायचं, तो आता ट्रान्झिट कॅम्पमध्ये, जिथे शेजारी कोण राहतं ते त्याला ठाऊक नाही. आणि तुम्ही एका ओळीत उरकलेलं, पण मी दोनदा वाचलेलं, “अलीकडे आमच्याबरोबर जास्तच बसायला लागला होता.” यातली कोणतीही एक गोष्ट मुंबईतल्या लाखो मुलांच्या वाट्याला येते आणि ती जगतात. सगळ्या मिळून, एकाच वर्षात, एकाच मुलावर आल्या. त्यात आतून नैराश्याचा आजार होता का, हे आता कोणी सांगू शकणार नाही. असेलही. पाश्चात्त्य देशांतल्या अभ्यासांत आत्महत्येने गेलेल्या बहुतेकांना मानसिक आजार असल्याचं दिसतं. आपल्याकडे हे प्रमाण त्यामानाने कमी दिसतं आणि कर्ज, घरातली हिंसा, दारू, अपमान यांचा भार मोठा असतो. म्हणून “डोक्याचा प्रॉब्लेम होता” हेही पूर्ण उत्तर नाही आणि “परिस्थितीने मारलं” हेही नाही.

सरकारी आकडेसुद्धा या एकाच कारणाच्या सवयीतून सुटलेले नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल पोलिसांच्या नोंदींवरून बनतो आणि तिथे प्रत्येक मृत्यूला एक कारण बसवलेलं असतं. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. तिसऱ्या हिश्शाहून जास्त माणसं १८ ते ३० या वयातली होती. राज्यांमध्ये सर्वाधिक नोंदी महाराष्ट्रात, विद्यार्थ्यांच्याही. पण परीक्षेतलं अपयश हे कारण एकूण मृत्यूंपैकी साधारण एका टक्क्यापुढे लागलेलं आहे. ‘कौटुंबिक समस्या’ मात्र तीसहून अधिक टक्क्यांपुढे, म्हणजे ज्यात काहीही मावतं असा रकाना. त्या वर्षी १३,०४४ विद्यार्थी गेले, आणि एकूण मृतांमधले चारातले एक जण रोजंदारीवरचे होते. तुमचा मुलगा यातल्या कोणत्या रकान्यात बसतो, सांगा. सकाळी विद्यार्थी, रात्री रोजंदार. निकालाच्या दिवशी आपण सगळे घाबरून मुलांकडे बघतो ते योग्यच आहे. पण बाईकवर दिवसाचे हप्ते फेडणाऱ्या पोराकडे बघायला कोणताही ठरलेला दिवस नसतो.

हे एवढं लांबण लावून लिहिलं, कारण एक दोषी सापडला की बाकीचं काम थांबतं. पावसाळ्यात वाडीत डेंग्यूचा पेशंट निघाला तर कोणता डास चावला याची चौकशी कोणी करत नाही. महापालिकेची माणसं येऊन गच्चीवरची पिंपं, टायर, बांधकामाची डबकी बघतात, पेशंटला ताप मोजायला सांगतात आणि शेजारच्या घरांतही डोकावतात. तरुणांच्या आत्महत्येकडे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून बघायचं म्हणजे असंच बघायचं. कारणं अनेक असली तर हात घालायच्या जागाही अनेक. काही सरकारच्या हातात आहेत. तमिळनाडूने बारावीत नापास झालेल्यांना लगेच पुन्हा परीक्षा द्यायची सोय केली. आपल्या बोर्डाचीही पुरवणी परीक्षा असते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शाळा, कॉलेजं, क्लास यांना निर्देश दिले. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक हवा, मार्कांवरून बॅचेस पाडायच्या नाहीत, मुलांना चारचौघांत अपमानित करायचं नाही. बारक्याच्या कॉलेजात समुपदेशक आहे का, हे पालकांनी विचारायला हवं. आणि काही जागा तुमच्या मंडळाच्या हातात आहेत.

त्यातली पहिली जागा ती मुलगी. तुम्ही लिहिता की तिचा फोटो मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतोय, खाली नको ते लिहिलेलं आहे. दादा, हे आज थांबवा. ग्रुपचे अ‍ॅडमिन तुम्ही असाल तर तुम्ही, नसाल तर जो आहे त्याच्याकडून. ती अठरा-एकोणीस वर्षांची असेल. तिच्या जवळचा मुलगा गेलाय, तिला शोक करायचीही सोय ठेवलेली नाही आणि वाडीभर तिच्याकडे बोट दाखवलं जातंय. आत्महत्येने जवळचं माणूस गेलेल्यांना स्वतःलाच धोका जास्त असतो. त्याच्यावर प्रेम करणाऱ्या मंडळाने तिला त्या कड्यावर ढकलू नये. मंडळातल्या एखाद्या समजूतदार ताईला तिच्या घरी पाठवा, फक्त विचारपूस करायला. त्या मुलाच्या आईकडेही कोणीतरी नियमाने जायला हवं. “तू बोललीस म्हणून नाही गेला” हे तिला एकदा सांगून पुरणार नाही. भांडण कुठल्या घरात होत नाही?

देखाव्याला माझं उत्तर नाही असं आहे. मुलांचं मन मी समजू शकते. त्यांना त्याला विसरू द्यायचं नाहीये. पण पडदा उघडतो, त्याचं घर दिसतं, वसुलीवाल्याचा फोन वाजतो, आईचा आवाज येतो, मग शेवट आणि पार्श्वसंगीत. रांगेत उभा असलेला, आधीच टोकाला आलेला एखादा मुलगा यातून काय घेऊन जाईल? मेल्यावर सगळे रडतात, सगळ्यांना कळतं, नाव होतं. तो मांडवासमोर उभा असेल की नाही हे तुम्हाला कळणार नाही. तो बारक्याही असू शकतो, आणि बारक्याला तुम्ही त्यात भूमिका देणार आहात की काय, हे वाचताना माझ्या पोटात गोळा आला. व्हिएन्नामध्ये एका विशिष्ट प्रकारच्या आत्महत्या वाढल्या होत्या. १९८७ साली तिथल्या वर्तमानपत्रांनी भडक, रंगवलेल्या बातम्या द्यायचं थांबवलं आणि तशा मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. आपल्या प्रेस कौन्सिलनेही २०१९ मध्ये नियम स्वीकारले. पद्धतीचं वर्णन नको, जागेचं नाव नको, ठळक मथळा नको, एकच सोपं कारण नको. देखाव्याला हे नियम कायद्याने लागू नसतील, परिणाम मात्र तोच होतो. नाक्यावरचा मोठा बॅनरही त्याच कारणाने नको. मंडळाचा दुसरा कोणी कार्यकर्ता आजाराने गेला असता तर जेवढं केलं असतं तेवढं करा, शोकसभा, फोटोला हार, घरच्यांना मदत. त्याहून कमी नको, कारण लपवणं हाही अपमान आहे. आणि त्याहून जास्त नको.

मुलांची ताकद वाया घालवू नका मात्र. ते म्हणतील, मग एक व्याख्यान ठेवू. ठेवा, पण शाल-श्रीफळ देऊन तासाभरात उरकलेल्या व्याख्यानाकडून फार अपेक्षा करू नका. युरोपातल्या दहा देशांत अकरा हजारांवर शाळकरी मुलांवर झालेल्या एका अभ्यासात (२०१५) शिक्षकांना ‘लक्षणं ओळखा’ असं शिकवल्याने मोजता येईल असा फरक पडला नाही. जिथे मुलांनाच काही आठवडे, थोडाथोडा वेळ, आपसांत बोलायला, भांडण-तुटणं-अपयश यांचे प्रसंग करून बघायला दिले, तिथे वर्षभरात आत्महत्येचे प्रयत्न साधारण निम्म्याने कमी झाले. बिहारमध्ये नालंदा जिल्ह्यातल्या शाळांतही असंच दिसलं. प्रशिक्षण दिलेला साधा बाहेरचा माणूस मुलांमध्ये मिसळून काम करत होता तिथे मारामाऱ्या आणि नैराश्य कमी झालं. तेच काम शिक्षकांवर टाकलं तिथे नाही. मला यात तुमचं ढोल पथक दिसतं. महिनोन्‌महिने, आठवड्यातून काही संध्याकाळी, त्याच वयाची तीस-चाळीस मुलं एकत्र येतात. अशी जागा कुठल्या डॉक्टरकडे आहे? सरावानंतरचा अर्धा तास बोलण्यासाठी ठेवा. एखाद्या प्रशिक्षित समुपदेशकाला काही आठवडे बोलवा, मग मुलं आपली आपण चालवतील. मुलीही पथकात असतील तर त्यांना वेगळा वेळ द्या. लग्नाची घाई, घरातला मार, पाठलाग, ही त्यांची ओझी मुलांसमोर बाहेर येत नाहीत.

कर्जाचंही मंडळ करू शकतं, आणि मोर्चा काढण्यापेक्षा हे जास्त उपयोगी आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कर्ज देणाऱ्या अ‍ॅपला मोबाइलमधले कॉन्टॅक्ट, फोटो, कॉल यांची यादी बघता येत नाही, आणि वसुलीवाल्याला सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. नातेवाइकांना फोन, फोटो पाठवायची धमकी असं सुरू झालं तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि पोलीस ठाण्यात तक्रार करायची. यातलं काहीही त्या मुलाला ठाऊक नव्हतं. मंडळाच्या फलकावर वर्गणीच्या हिशेबाशेजारी हे लिहा, आणि १४४१६ लिहा. हिशेबात हुशार असा एखादा काका ठरवा, जो “किती घेतलंस आणि का घेतलंस” असं न विचारता कागद बघून देईल.

आणि ते बसणं. कोणी उदास दिसला की “चल, बसू” हा आपल्याकडचा उपाय आहे, त्यामागे माया असते हेही मान्य. पण दारू उदासी वाढवते आणि हात थांबवणारी शक्ती काढून घेते. ज्याच्या मनात असे विचार आहेत त्याला घेऊन बसायचं नाही, हा नियम तुम्ही केलात तर मोठी मुलं ऐकतील.

मिस्ड कॉलबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय, शेवटी, जाता जाता. तुम्ही फोन उचलला असता तर काय झालं असतं, हे मला माहीत नाही आणि “काही फरक पडला नसता” असं खोटं मी सांगणार नाही. पण तुम्हाला ते आधी कळायला हवं होतं, हे मी मानत नाही. पन्नास वर्षांतले ३६५ अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये संशोधकांनी पाहिलं, तेव्हा नेमकं कोण पुढे आत्महत्या करेल हे ओळखण्यात तज्ज्ञांच्या जोखीम-याद्या नाणेफेकीपेक्षा जेमतेम बऱ्या निघाल्या. जे त्यांना जमत नाही ते वर्गणीच्या मीटिंगमध्ये बसलेल्या माणसाला जमायला हवं होतं? तुमची झोप उडालीय, तुम्ही लिहिलंय. ती पंधरा दिवसांत परत आली नाही, तर बारक्याबरोबर त्याच ओपीडीत तुमचाही केस पेपर काढा. त्याला तेवढाच धीर येईल.

बारक्याचं एकदा डॉक्टरकडे जाणं झालं की लोक सुस्कारा टाकतात आणि विसरतात. तसं करू नका. चेन्नईसह पाच देशांतल्या पाच ठिकाणी, आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णालयात आलेल्या १,८६७ जणांवर झालेला एक अभ्यास २००८ मध्ये आला. निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले. उरलेल्यांशी शिवाय तासभर नीट बोलले आणि मग दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट, “कसा आहेस, काही लागतंय का?” एवढीच. पहिल्या गटात नंतर आत्महत्येने मृत्यू २.२ टक्के, दुसऱ्यात ०.२. एवढं मंडळाला जमतं. उद्या पावती पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर तारखा लिहा. विसर्जनानंतरचा रविवार, कारण दहा दिवसांच्या गर्दीनंतर मांडव रिकामा झाला की पोरं एकटी पडतात. दिवाळीची सुट्टी. बारावीच्या परीक्षेआधीचा आठवडा, निकालाचा दिवस, आणि पुढच्या आषाढात त्या मुलाचं वर्षश्राद्ध. मधल्या जागा भरून नऊ करा. प्रत्येक तारखेपुढे एका माणसाचं नाव टाका, सगळ्या तुमच्या नावावर घेऊ नका. बारक्याला ते पान दाखवा, आणि कोणी फोन केलेला त्याला चालेल ते त्यालाच विचारा.